नवी अमेरिकन फुटबॉल लीग का बुडते आणि तगायची असेल तर काय लागते

प्रश्न असा आहे: अमेरिकेसारख्या फुटबॉलवेड्या देशात दर काही वर्षांनी नवी व्यावसायिक लीग वाजतगाजत जाहीर होते आणि बहुतेक वेळा एक-दोन हंगामांत बंद पडते, याचे कारण काय? आणि उद्या आणखी एखादी लीग जाहीर झाली, तर ती तगणार की नाही हे पहिला सामना होण्याआधी ओळखता येते का?

क्रीडा-लीगची अंदाजपत्रके तयार करणे आणि सामन्यांच्या आयोजनाचा हिशेब सांभाळणे हे माझे अनेक वर्षांचे काम आहे, त्यामुळे उत्तरही मुख्यतः त्याच बाजूने देतो. माझे मत आधीच सांगतो. प्रेक्षक मिळाले नाहीत एवढ्याच कारणाने लीग बुडाली, असे फार थोड्या वेळा घडले आहे. पहिल्या आठवड्यात प्रेक्षक बहुधा येतातच. लीग बुडते ती तिसऱ्या हंगामापर्यंत लागणारा पैसा पहिल्या हंगामाआधी बांधून ठेवलेला नसतो म्हणून, आणि ही उणीव भरून काढण्यासाठी मालकमंडळी घाईने जे निर्णय घेतात त्यांच्यामुळे.

आधी वेळापत्रकाचा मुद्दा संपवतो, कारण तो लहान आहे. शरद ऋतूत नव्या लीगला जागाच नाही. शुक्रवारची रात्र शाळांच्या सामन्यांची, शनिवार महाविद्यालयांचा, रविवार एनएफएलचा, म्हणजे नॅशनल फुटबॉल लीग या देशातल्या मुख्य व्यावसायिक लीगचा, आणि सोमवार व गुरुवारच्या रात्रीही एनएफएलच्याच. ही वाटणी केवळ सवयीने झालेली नाही. १९६१च्या क्रीडा प्रक्षेपण कायद्याने व्यावसायिक लीगना सर्व संघांचे दूरचित्रवाणी हक्क एकत्र विकण्याची सूट दिली, पण सप्टेंबरच्या मध्यापासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत शुक्रवार रात्र आणि शनिवार यांना त्या सवलतीतून वगळून शाळा-महाविद्यालयांचे सामने राखले. त्यामुळे नव्या लीगला उरतो तो सुपर बोल या एनएफएलच्या फेब्रुवारीतल्या अंतिम सामन्यानंतरचा वसंताचा काळ. या काळात महाविद्यालयीन बास्केटबॉल, एनबीए या व्यावसायिक बास्केटबॉल लीगची बाद फेरी आणि बेसबॉल समोर असतात, पण त्यांच्यापेक्षाही मोठा अडथळा म्हणजे सुपर बोल झाला की बहुतेक प्रेक्षकांच्या मनात फुटबॉलचे वर्ष संपलेले असते. ही सवय मोडायला अनेक हंगाम लागतात, आणि ते हंगाम तोट्यातच काढावे लागतात.

तोटा सोसून उभी राहिलेली एकच लीग आपल्यासमोर आहे, ती म्हणजे १९६०ची एएफएल (अमेरिकन फुटबॉल लीग). तिने हे कसे साधले हे नीट पाहिल्याशिवाय बाकीच्यांचे अपयश कळत नाही. डॅलसच्या लामार हंट या तरुण तेलवारसाला एनएफएलचा संघ हवा होता. तो मिळाला नाही म्हणून त्याने स्वतःसारखेच दारातून परत पाठवलेले धनिक गोळा केले आणि आठ संघांची लीग काढली. एनएफएलने लगेच त्याच्याच गावात, डॅलसमध्ये, काउबॉइज हा संघ उभा केला आणि मिनेसोटाचे मालक एएफएलमधून फोडून आपल्याकडे घेतले. हंटला तीन हंगामांनंतर आपला संघ कॅन्सस सिटीला हलवावा लागला. आजचे चीफ्स ते हेच. एवढे घाव बसूनही लीग टिकली याचे श्रेय मी दोन गोष्टींना देतो. दूरचित्रवाणीचा पैसा सर्व संघांत समान वाटायचा हे तिने पहिल्या दिवशी ठरवले आणि पाळले, त्यामुळे एखादा संघ गर्भश्रीमंत आणि दुसरा कफल्लक अशी दरी पडली नाही. दुसरे असे की, बाजारात एका प्रक्षेपकाची जागा रिकामी होती. जानेवारी १९६४मध्ये एनएफएलचे हक्क सीबीएसने जिंकले, एनबीसी हात हलवत परतली, आणि काही दिवसांतच तिने एएफएलशी पाच वर्षांसाठी ३.६ कोटी डॉलरचा करार केला. त्या पैशाच्या बळावर एएफएलच्या न्यूयॉर्क जेट्सने जो नेमथ या क्वार्टरबॅकला (चाल सुरू करून चेंडू फेकणाऱ्या खेळाडूला) ४ लाख २७ हजार डॉलर देऊन महाविद्यालयातून थेट आपल्याकडे आणले. खेळाडूंच्या किमती दोन्हीकडे भडकल्या, आणि जून १९६६मध्ये एनएफएलने विलीनीकरण जाहीर केले.

नेमथचे नाव सगळ्यांच्या तोंडी असते; एनबीसीच्या त्या कराराचे फारसे कोणी काढत नाही. माझ्या कामात मात्र त्या कराराचेच महत्त्व अधिक. नवी लीग जाहीर झाली की मी प्रथम पाहतो ते एवढेच, की आज कोणत्या प्रक्षेपकाला या खेळाची खरोखर गरज आहे. लीगला प्रक्षेपक लागतो हे उघडच आहे, पण प्रक्षेपकालाही लीग लागली पाहिजे, तरच पैसा लीगच्या दिशेने वाहतो. नाहीतर लीग स्वतःच्या खर्चाने कॅमेरे, ट्रक आणि समालोचक पुरवते आणि त्या बदल्यात केवळ पडद्यावर दिसण्याचे समाधान मिळवते. अशा कराराच्या बातमीत रक्कम नसते, आणि वाचकाने ती नसल्याचीच नोंद घ्यावी.

आता १९८३च्या यूएसएफएलकडे (युनायटेड स्टेट्स फुटबॉल लीग) येतो, कारण वसंतातल्या फुटबॉलची सर्वांत चांगली संधी तिच्याकडे होती आणि ती तिने स्वतःच्या हाताने घालवली. न्यू ऑर्लिन्सच्या डेव्हिड डिक्सनने आखलेली मूळ योजना शहाणपणाची होती: सामने मार्च ते जुलै, खेळाडूंच्या पगारावर कडक मर्यादा, मोठ्या शहरांतील चांगली मैदाने आणि पहिली काही वर्षे तोटा गृहीत धरून ठेवलेला राखीव निधी. १९८३मध्ये १२ संघांनी सुरुवात केली. एबीसीने दोन वर्षांसाठी सुमारे १.८ कोटी डॉलर दिले, आणि तेव्हा अवघ्या चार वर्षांच्या असलेल्या ईएसपीएनलाही सामने हवेच होते. पहिल्या हंगामात सरासरी २५ हजारांच्या आसपास प्रेक्षक मैदानावर आले. नवख्या लीगसाठी हा आकडा उत्तम होता, आणि योजना पाळली असती तर तो पुरलाही असता.

पण हंगाम सुरू होण्यापूर्वीच न्यू जर्सी जनरल्सने जॉर्जिया विद्यापीठाचा हर्शेल वॉकर हा हाइसमन (महाविद्यालयीन फुटबॉलमधील सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार) विजेता करारबद्ध केला आणि पगाराची मर्यादा कागदावरच राहिली. एका मालकाने मर्यादा ओलांडली की दुसऱ्याने आपल्या गावच्या प्रेक्षकांना काय सांगायचे? पुढच्या वर्षी लॉस एंजेलिस एक्स्प्रेसने स्टीव्ह यंगला ४ कोटी डॉलरचा म्हणून गाजलेला करार दिला. त्यातला बराच भाग अनेक दशके चालणाऱ्या हप्त्यांचा होता. तरी ९० हजारांहून अधिक आसनांच्या कोलिझियममध्ये रिकाम्या बाकांसमोर खेळणाऱ्या संघाने केलेली ही उचल होती, आणि वर्षभरात त्या संघाचा खर्च लीगलाच उचलावा लागला. हा तोटा भरून काढायला लीगने नवे संघ विकायला काढले, आणि १९८४मध्ये १२चे १८ संघ झाले. नव्या मालकांचे प्रवेशशुल्क हे उत्पन्न नसून ते पुढच्या वर्षीच्या प्रक्षेपणाच्या पैशात आणखी वाटेकरी आणते, ही साधी बाब त्या ताळेबंदांत हरवून गेली. एवढ्या गडबडीत शिकागो आणि अ‍ॅरिझोना या दोन संघांनी जवळजवळ आपले सगळेच खेळाडू आपसांत बदलले. शिकागोच्या प्रेक्षकाने ज्यांच्यासाठी तिकीट काढले होते ते खेळाडू एका हिवाळ्यात वाळवंटात गेले. निष्ठा बांधू पाहणाऱ्या लीगला याहून मोठी इजा करून घेता येणार नाही.

निर्णायक घाव ऑगस्ट १९८४मधला. डोनाल्ड ट्रम्प यांनी तोपर्यंत जनरल्स संघ विकत घेतला होता आणि लीगने वसंत सोडून शरदात, म्हणजे एनएफएलच्या समोर, उभे राहावे असा त्यांचा आग्रह होता. लीगने मागवलेला मॅकिन्सी या सल्लागार कंपनीचा सल्ला वसंतातच राहण्याचा होता. एबीसी वसंतातील सामन्यांसाठी १९८६पासून चार वर्षांना १७.५ कोटी डॉलर द्यायला तयार होती आणि ईएसपीएनचा प्रस्ताव त्याव्यतिरिक्त होता. हातातोंडाशी आलेला हा घास बाजूला सारून मालकांनी १९८६पासून शरदात खेळायचे ठरवले. त्यामागचा हिशेब असा होता, की एकतर एनएफएल विलीनीकरण करील, नाहीतर मक्तेदारीच्या खटल्यात मोठी भरपाई मिळेल. परिणाम ताबडतोब दिसला. १९८५चा वसंत-हंगाम हा शेवटचा आहे हे सगळ्यांनाच ठाऊक झाल्यावर तिकीट कोण काढणार? एनएफएलच्या शहरांतले संघ गाशा गुंडाळून निघाले. फिलाडेल्फियाचा विजेता संघ बाल्टिमोरच्या नावावर गेला, मिशिगनचा ओकलंडमध्ये विलीन झाला. जुलै १९८६मध्ये न्यूयॉर्कच्या ज्यूरीने एनएफएलने मक्तेदारीचा कायदा मोडल्याचे मान्य केले, पण भरपाई ठरवली एक डॉलर, जी कायद्यानुसार तिप्पट होऊन तीन डॉलर झाली. शरदातला सामना कधी झालाच नाही.

या प्रकरणात मला आजही वाईट वाटते ते टँपा, बर्मिंगहॅम, जॅक्सनव्हिल यांसारख्या शहरांसाठी. तिथे लोक वसंतात फुटबॉल बघायला येत होते. त्यांचा या निर्णयाशी काही संबंध नव्हता.

२००१ची एक्सएफएल मी थोडक्यात आटोपतो. एनबीसीच्या हातून एनएफएलचे सामने गेलेले होते, म्हणून तिने व्हिन्स मॅकमॅहन यांच्या कुस्ती कंपनीशी भागीदारी केली. म्हणजे एएफएलच्या वेळची परिस्थिती पुन्हा जुळून आली होती. पहिल्या शनिवारी ९.५ इतके रेटिंग (टीव्ही असलेल्या घरांपैकी सामना पाहणाऱ्यांची टक्केवारी) मिळाले, आणि नंतर ते आठवड्यागणिक कोसळत गेले, कारण खेळ कच्चा होता. ही तक्रार जवळजवळ प्रत्येक नव्या लीगबद्दल होते आणि तिचे मूळ आक्रमक फळीत आहे. क्वार्टरबॅकसमोरच्या पाच लाइनमननी एकमेकांची पावले ओळखायला महिने लागतात. शेजारच्याने कोणता प्रतिस्पर्धी घ्यायचा आणि कोणता सोडायचा हे पाहायला मान वळवावी लागली तरी उशीर होतो. धावणारे, झेलणारे, अडवणारे यांची जुळणी तीन-चार आठवड्यांत बऱ्यापैकी होते, पण या पाच जणांची होत नाही, आणि मग उत्तम क्वार्टरबॅकही पाठीवर पडलेला दिसतो. शिबिराचे दोन आठवडे वाढवायचे म्हणजे सगळ्या संघांचे हॉटेल, जेवण, भत्ता आणि विमा दोन आठवडे वाढणार, म्हणून तंगीतली लीग पहिली काटछाट तिथेच करते आणि त्याची किंमत पडद्यावर मोजते. त्या हंगामानंतर एनबीसी आणि मॅकमॅहन यांचे प्रत्येकी सुमारे साडेतीन कोटी डॉलर गेले आणि मे महिन्यात लीग बंद झाली.

माझ्या व्यवसायातल्या लोकांना सर्वांत जास्त शिकवून गेली ती २०१९ची एएएफ (अलायन्स ऑफ अमेरिकन फुटबॉल). चार्ली एबरसॉल आणि बिल पोलियन यांनी मार्च २०१८मध्ये ती जाहीर केली आणि ९ फेब्रुवारी २०१९ला, म्हणजे अकरा महिन्यांच्या आत, पहिला सामना लावला. आठ संघ, अनुभवी प्रशिक्षक, किकऑफ (सामन्याच्या सुरुवातीला आणि गुण झाल्यावर चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे लाथाडणे) काढून टाकलेला नेटका खेळ, खेळाडूंना तीन वर्षांचे अडीच लाख डॉलरचे पण हमी नसलेले करार. पहिल्या रात्री सीबीएसवरील सामन्याने त्याच वेळी चाललेल्या एनबीए सामन्याच्या तोडीची प्रेक्षकसंख्या मिळवली. बाहेरून पाहणाऱ्याला वाटले, लीग लागली. पण आतला पैसा तेवढ्यातच आटला होता. पहिल्या सामन्यानंतर आठवडाभरातच हॉकी संघाचे मालक टॉम डंडन यांनी २५ कोटी डॉलरची हमी देऊन सूत्रे हाती घेतल्याची बातमी आली, आणि तीही चांगली बातमी म्हणून छापली गेली. ज्या लीगला दुसऱ्याच आठवड्यात नवा धनको लागतो तिच्याजवळ पहिल्याच हंगामाचे पैसे नव्हते, हा त्या बातमीचा खरा अर्थ होता.

हमी आणि हातातला पैसा यांत अंतर असते. डंडन यांना एनएफएलच्या राखीव यादीतले तरुण खेळाडू हवे होते; त्यासाठी एनएफएल खेळाडूंच्या संघटनेची संमती लागत होती आणि ती मिळाली नाही. २ एप्रिलला, दहापैकी आठ आठवडे झाल्यावर, कामकाज थांबवण्यात आले. तोपर्यंत त्यांनी सुमारे सात कोटी डॉलर घातले होते. १७ एप्रिलला धंदा गुंडाळून मालमत्ता विकण्याच्या प्रकारची दिवाळखोरी दाखल झाली, आणि काही खेळाडूंना घरी परतण्याचे भाडे पदरचे घालावे लागले.

याच लीगमधली एक बाब जवळून दाखवतो, कारण नव्या लीगचा खर्च कुठे दडलेला असतो हे तिच्यावरून समजते. ऑरलँडो अपोलोज हा त्या हंगामातला सर्वोत्तम संघ, प्रशिक्षक स्टीव्ह स्परियर, आठपैकी सात सामने जिंकलेले. पण हा फ्लोरिडाचा संघ सराव मात्र जॉर्जिया राज्यातल्या किंग्जलंड नावाच्या लहान गावात करत असे. फ्लोरिडाच्या कामगार भरपाई कायद्यात व्यावसायिक खेळाडू ‘कामगार’ या व्याख्येत बसत नाहीत, त्यामुळे तिथे नेहमीच्या मार्गाने भरपाईचा विमा मिळणे अवघड. म्हणून खेळाडूंचा मुक्काम राज्याच्या सीमेअलीकडे जॅक्सनव्हिलला, रोज सकाळी बसने सीमा ओलांडून जॉर्जियातल्या शाळेच्या मैदानावर सराव, पुन्हा बसने परत, आणि सामन्यासाठी ऑरलँडो. कामाचा अधिक भाग जॉर्जियात घडला की जॉर्जियाचा विमा लागू करता येतो, हा त्यामागचा हेतू. एका विम्याच्या अटीपायी संपूर्ण संघाचा दिनक्रम, बसचे भाडे, हॉटेलचे बिल आणि ज्यांच्या नावाने खेळायचे त्या गावकऱ्यांशी असलेला संपर्क, हे सगळे बदलून गेले.

कार्यालयीन नोकरीत अपघात ही शक्यता असते. फुटबॉलमध्ये ती खात्री असते. आठ संघांचे मिळून चारशेच्या आसपास खेळाडू, आणि त्यांतले काही जण दर रविवारी गुडघा, खांदा किंवा डोके घेऊन रुग्णालयात जाणार हे गृहीतच धरावे लागते. एनएफएलच्या माजी खेळाडूंच्या मेंदूच्या दुखापतींच्या दाव्यांत मोठी तडजोड झाल्यापासून विमा कंपन्या या खेळापासून चार हात दूर राहू लागल्या आहेत. त्यामुळे कोणत्याही लीगचे अंदाजपत्रक माझ्यासमोर आले की मी तिकीटविक्रीच्या आकड्यांआधी विम्याचे पान उघडतो. तिथे राज्यवार आकडे नसतील आणि एकच ठोकळ रक्कम असेल, तर ते अंदाजपत्रक अजून तयार झालेले नाही असे समजतो.

आता सध्याच्या लीगबद्दल. मॅकमॅहन यांनी एक्सएफएल २०२०मध्ये पुन्हा आणली. पाच आठवड्यांनंतर करोनाने ती थांबवली आणि एप्रिलमध्ये दिवाळखोरी झाली. अभिनेता ड्वेन जॉन्सन, डॅनी गार्सिया आणि रेडबर्ड ही गुंतवणूक कंपनी यांनी ती १.५ कोटी डॉलरला घेतली व २०२३मध्ये चालवली. दरम्यान फॉक्सने २०२२मध्ये यूएसएफएल हे जुने नाव घेऊन स्वतःची लीग काढली. दोन वसंत-लीग एकाच वेळी नांदणे शक्य नव्हते; दोघींची मिळून यूएफएल (युनायटेड फुटबॉल लीग) झाली आणि ३० मार्च २०२४ला पहिला सामना झाला. यात नवीन गोष्ट म्हणजे प्रक्षेपक स्वतःच मालक आहे. फॉक्सच्या दृष्टीने वसंतातला फुटबॉल सामना म्हणजे शनिवार-रविवारचे तीन तास भरणारा, जाहिराती विकता येणारा आणि आपल्याच मालकीचा कार्यक्रम. मराठी वाचकांना याचे जवळचे उदाहरण ठाऊक आहे: २०१४मध्ये सुरू झालेल्या प्रो कबड्डीमध्ये प्रक्षेपण करणाऱ्या स्टारने पुढच्याच वर्षी लीगच्या कंपनीतील बहुसंख्य भाग घेतला. प्रक्षेपक मालक असला की लीग एका वाईट रेटिंगने मरत नाही. पण तिचे आयुष्य त्या कंपनीच्या वार्षिक हिशेबाशी बांधले जाते, हेही खरे.

खर्च आवरण्यासाठी यूएसएफएलने २०२२मध्ये साखळी फेरीचे सर्व सामने बर्मिंगहॅम या एकाच शहरात खेळवले. पिट्सबर्ग, फिलाडेल्फिया, न्यू जर्सी ही केवळ नावे. संघ सगळे अलाबामात. प्रवासाचा आणि मैदानांच्या भाड्याचा प्रचंड खर्च वाचला, आणि बर्मिंगहॅमचा संघ खेळत नसेल तेव्हा रिकाम्या खुर्च्या देशभर दिसल्या. एक्सएफएलने व नंतर यूएफएलने वेगळा मार्ग काढला: संघ राहतात आणि सराव करतात टेक्ससमधील आर्लिंग्टनला, आणि सामन्यासाठी विमानाने ‘आपल्या’ शहरात जातात. हिशेबनीस म्हणून मला ही पद्धत पटते. आठ सराव-मैदाने, आठ कार्यालये, आठ वैद्यकीय पथके उभी करायला लागत नाहीत. पण तिची किंमत आहे. खेळाडू त्या गावातल्या शाळेत जात नाही, तिथल्या दुकानात दिसत नाही, गावातल्या तरुण खेळाडूंना शिकवत नाही. तिकीट घेणाऱ्याचे नाते मग फक्त गणवेशाशी राहते.

तरीही सेंट लुईसने सगळे अंदाज चुकवले आहेत. २०१५च्या हंगामानंतर तिथला एनएफएलचा रॅम्स संघ लॉस एंजेलिसला निघून गेला आणि छताचे भलेमोठे मैदान ओस पडले. तिथे बॅटलहॉक्स या वसंत-लीगमधल्या संघाच्या सामन्यांना ३० हजारांहून अधिक लोक येत आले, तर लीगमधल्या इतर बहुतेक शहरांत त्याच्या निम्मेही येत नव्हते. यावरून प्रत्येक शहराला फुटबॉलची भूक आहे असा निष्कर्ष काढू नये. सेंट लुईसकडे संघ होता आणि तो काढून घेतला गेला. तिथला माणूस तिकीट काढतो तेव्हा तो आपल्या शहराची बाजूही घेत असतो. अशी शहरे अमेरिकेत मोजकी आहेत आणि नव्या लीगने आधी तिथेच जावे. बाकीच्या ठिकाणी १५ ते २५ हजार आसनांची सॉकरची मैदाने घ्यावीत. यूएफएलने २०२६च्या हंगामासाठी कोलंबस, लुइव्हिल, ऑरलँडो येथे अशा मैदानांवर संघ नेण्याचा निर्णय घेतला, तो मला योग्य वाटतो. ७० हजारांच्या मैदानात बसलेले दहा हजार लोक पडद्यावर उदास दिसतात. तेच दहा हजार लहान मैदानात गर्दी वाटतात.

खेळाडूंची टंचाई हे कारण मात्र मी मान्य करत नाही. एनएफएलचा प्रत्येक संघ ऑगस्टअखेर ९० जणांच्या यादीतून ५३ ठेवतो, म्हणजे ३२ संघांमधून जवळजवळ १,२०० खेळाडू एकाच वेळी मोकळे होतात आणि त्यांतले निम्मेच राखीव यादीत परत घेतले जातात. ब्रँडन ऑब्री हा सॉकर सोडून सॉफ्टवेअर अभियंता झालेला तरुण यूएसएफएलच्या बर्मिंगहॅम स्टॅलियन्सकडून किक मारत होता. २०२३मध्ये तो डॅलस काउबॉइजकडे गेला आणि त्याने कारकिर्दीतले पहिले ३५ फील्ड गोल (खांबांमधून चेंडू लाथाडून मिळवलेले गुण) एकही न चुकता मारले. कॅव्हाँटे टर्पिन आणि जेक बेट्स हेही याच वाटेने गेले. अडचण अशी की सॉकरमध्ये असते तशी हस्तांतरण शुल्काची प्रस्थापित पद्धत इथे नाही, त्यामुळे लीग खेळाडू घडवते आणि फायदा एनएफएलला होतो.

नियमांचेही तसेच. २०२०च्या एक्सएफएलने किकऑफची नवी रचना केली. किक मारणारा आपल्या ३० यार्डांवर एकटा. त्याचे दहा सहकारी पलीकडे, प्रतिस्पर्ध्याच्या ३५ यार्डांवर. आणि त्यांच्यासमोर पाच यार्ड सोडून ३० यार्डांवर परतवणाऱ्या संघाची रांग. चेंडू झेलला जाईपर्यंत किंवा जमिनीला लागून ठरावीक क्षण उलटेपर्यंत कोणी हलायचे नाही. चाळीस-पन्नास यार्ड धावत येऊन होणाऱ्या टकरी त्यामुळे टळल्या आणि चेंडू परतवण्याचा थरार शाबूत राहिला. २०२४मध्ये एनएफएलने थोडे फेरफार करून हीच रचना स्वीकारली. माझ्या मते वसंतातल्या लीगनी या खेळाला दिलेली ही सर्वांत मोलाची देणगी आहे, कारण तिने माणसांचे डोके आणि मान वाचवली.

वेतनाबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगतो. २०२५मध्ये एनएफएलमधल्या नवख्याला किमान ८ लाख ४० हजार डॉलर मिळत होते. यूएफएलचे किमान वेतन त्याच्या दहाव्या हिस्श्याहून कमी होते. या खेळाडूंनी आपली संघटना पोलाद कामगारांच्या राष्ट्रीय संघटनेच्या छत्राखाली बांधली आणि वेतन व आरोग्यविम्यासाठी वाटाघाटी केल्या. पोटाला चिमटा घेऊन लीग उभी करायची तर तो चिमटा कुणाच्या पोटाला, हा प्रश्न त्यांनी विचारला आणि तो रास्त आहे.

भारतातही हा प्रयोग झाला आहे. २०११मध्ये जाहीर झालेल्या एलिट फुटबॉल लीग ऑफ इंडियामागे कर्ट वॉर्नर, माइक डिटका यांच्यासारखी अमेरिकेतील मोठी नावे होती. भारत व श्रीलंकेतल्या आठ संघांचा पहिला हंगाम २०१२मध्ये कोलंबोत झाला, आणि अंतिम सामन्यात पुणे मराठाज संघाने दिल्ली डिफेंडर्सला ६-० असे हरवले. रग्बी आणि इतर खेळांतून आलेल्या मुलांनी थोड्या महिन्यांत हा अवघड खेळ शिकला याचे मला कौतुक आहे. पण प्रेक्षकाने शाळेत कधी न खेळलेला, नियम माहीत नसलेला खेळ केवळ प्रक्षेपणाच्या जोरावर रुजवायचा, तर त्यासाठी अमेरिकेत लागतो त्याहून जास्त काळ तोटा सोसावा लागेल. तेवढे भांडवल तिथे लावले गेले नाही.

प्रश्नाचा दुसरा भाग, म्हणजे आधी ओळखायचे कसे, याबद्दल माझी रीत अशी. गुंतवणूकदाराने किती रक्कम ‘जाहीर’ केली यापेक्षा किती रक्कम बँकेत बांधून ठेवली आहे याची चौकशी करावी. निदान पहिल्या हंगामाचे सर्व पगार आणि खेळाडूंचे घरी परतण्याचे भाडे वेगळ्या खात्यात असले पाहिजे. घोषणा आणि पहिला सामना यांत दीड वर्षाहून कमी अंतर असेल तर सावध राहावे, कारण विमा, मैदान आणि प्रक्षेपण यांचे करार तेवढ्या वेळात नीट होत नाहीत, आणि घाईत झालेला करार महागच पडतो. सराव शिबिर पाच आठवड्यांपेक्षा कमी असेल तर पहिले तीन सामने रटाळ होणार हे धरून चालावे. दुसऱ्या हंगामाआधीच संघांची संख्या वाढवण्याची भाषा सुरू झाली, तर ती भरभराटीची खूण न मानता तिजोरी रिकामी झाल्याची मानावी.

आणि हंगामाचे तिकीट काढण्याचा विचार असेल, तर आपल्या शहराच्या मैदानाचा करार पाहावा. महापालिकेच्या किंवा विद्यापीठाच्या मालकीच्या मैदानांचे भाडेकरार बहुधा सार्वजनिक नोंदीत असतात आणि मागितल्यास पाहायला मिळतात. त्यात पहिल्याच वर्षाच्या तारखा असतील आणि पुढच्या दोन वर्षांचा उल्लेख ‘परस्पर संमतीने’ एवढाच असेल, तर एकेका सामन्याचे तिकीट काढावे. तीन वर्षांच्या तारखा, अनामत रक्कम आणि करार मोडल्यास भरायचा दंड हे सगळे लिहिलेले असेल, तर पूर्ण हंगामाचे तिकीट घ्यायला हरकत नाही.